भरल्या गाडीची चेन

गाडी प्रेमिला चालवायची, पण गाडीचा आवाज कसा येतो हे झिंगू मिस्त्रीनं विचारलं तिच्या नवऱ्याला.

इस्तारीनं एकदा मिस्त्रीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं. डोंगा घेऊन तलावात उतरला तर त्याच्या तोडीचा माणूस आमडोह गावात दुसरा नव्हता, पण जमिनीवर त्याची धाव सायकलीपुरती. मोटारसायकलवर तो बसायचा तो मागे, आणि तेही मासळीची पेटी नसेल त्या दिवशी.

"कट्-कट् येते म्हनते हे," तो म्हणाला.

"कोन्त्या गिअरात?" मिस्त्रीनं पुन्हा त्यालाच विचारलं.

"दुसऱ्यात अन् तिसऱ्यात," प्रेमिला म्हणाली. "पेटी भरली असली म्हनजेच येते. रिकामी असली का नाई येत. अन् इंजिनातून नाई, मांगून येते."

मिस्त्रीनं मान हलवली. ती ऐकल्याची मान नव्हती, बाईचं बोलणं संपेपर्यंत थांबल्याची होती. त्यानं मागची थर्माकोलची पेटी सोडून खाली ठेवायला लावली, गाडीला किक मारली आणि मूल गावातल्या राईसमिलच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आला. उतरताना त्याच्या तोंडावर शांत समाधान होतं.

"काई आवाज नाई," तो इस्तारीला म्हणाला.

"पेटी उतरवल्यावर कसा येईन?" प्रेमिलानं विचारलं. "मी तेच तं सांगून राह्यली."

ही महिन्यातली तिसरी खेप. पहिल्या खेपेला मिस्त्रीनं चेन ढिली आहे म्हणून ताणून दिली होती. दुसऱ्या खेपेला, आवाज वाढला असं प्रेमिलानं सांगितल्यावर, आणखी ताणून दिली. आता तिसऱ्यांदा त्यानं गाडी मधल्या स्टँडवर चढवली, मागचं चाक हातानं गरकन फिरवलं, चेनीला बोट लावलं, आणि कोपऱ्यातल्या पान्यानं आणखी एक फेरा दिला. चाक अधांतरी फिरत होतं, सर्र सर्र, तेलात तळल्यासारखं गोड.

"पाहा," तो म्हणाला. "चेन एकदम फिट. आता सांगतो खरी गोष्ट, राग नका मानू. लेडीजचा हात हाय. बाया अर्धा क्लच दाबूनच गाडी चालवतेत. क्लचप्लेटा जळल्या असतीन. इंजिन खोलावं लागन. शनिवारी मी तुमच्या तलावावर मरळ न्यायले येतोच, तवा गाडी घेऊनच येतो इथी."

प्रेमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं ती ही गाडी चालवत होती. बल्लारपूरच्या एका कामगारानं बारा वर्षं वापरून विकलेली शंभर सीसीची जुनी गाडी, चेनकव्हर अर्धं तुटलेलं, वेगाचा काटा एका आकड्यावर मेलेला. ह्या गाडीवरून पन्नास किलो मासळी आणि बर्फ लादून ती रोज सकाळी चौदा किलोमीटर खड्डे पार करत होती, आणि क्लच कधी दाबायचा नि कधी सोडायचा हे तिला झिंगू मिस्त्रीनं सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं, पण इस्तारी तोवर "ठीक हाय भाऊ" म्हणून मोकळा झाला होता.

घरी ही बातमी तिच्या आधी पोहोचली नव्हती, पण पोहोचल्यावर पसरायला वेळ लागला नाही. इस्तारीचा धाकटा भाऊ प्रफुल ओट्यावर बसून मोबाइल पाहत होता. हंगामात राईसमिलवर पोती उचलायची आणि उरलेल्या वर्षात सल्ले द्यायचे, अशी त्याची कामाची वाटणी होती. गाडी तो गेल्या दिवाळीत शिकला होता, तीही प्रेमिलाच्याच गाडीवर आणि तिनंच शिकवल्यावर.

"मी म्हनलंच होतं," तो म्हणाला. काय म्हटलं होतं ते मात्र कुणाला आठवेना. "वयनीचा हात जड हाय. इंजिन खोलून आनलं का मंग मीच नेत जाईन मासोळी. वयनीनं घरी राहून गावात टोपली फिरवावी. गाडी तरी टिकन."

प्रेमिलाची सासू सोमारी, जिला ती मामी म्हणायची, चुलीजवळ झिंगे निवडत होती. तिनं मान डोलावली. तिच्या वयात मूलच्या बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन पायी जावं लागायचं, आणि घरात एखादी वस्तू बिघडली की ती आधी पुरुषाच्या हातात द्यायची, ही तिची चाळीस वर्षांची सवय होती.

"मामी, तुमी तरी आयका," प्रेमिला म्हणाली. "इंजिनाले काई झालं नाई."

"मिस्त्री म्हनते ना झालं म्हनून," सोमारी म्हणाली. "त्याले समजत नाई तं तुले समजते का?"

इस्तारी जाळ्याचा फाटलेला कोपरा मांडीवर घेऊन विणत बसला. प्रेमिलाला मिस्त्रीचा राग आला होता, प्रफुलचा तर आला होताच, पण सगळ्यांत जास्त राग आला तो ह्या विणण्याचा.

कारण गाडी गेली म्हणजे नुसती गाडी जात नव्हती. तीन वर्षांपूर्वी ह्या मामा तलावाची, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाची, मासळी एक ठेकेदार टेम्पो घेऊन यायचा आणि तलावाच्या बांधावरून, पाळीवरूनच उचलून न्यायचा. तो म्हणेल ते वजन, तो म्हणेल तो माल चांगला. मूलच्या बाजारात स्वतः बसायचं हे प्रेमिलाच्या डोक्यातून निघालं होतं. एकतिसाव्या वर्षी ती तलावाच्या पाळीवर गाडी शिकली, दोनदा पाण्यात गेली, आणि तिसऱ्या दिवशी पेटी बांधून बाजारात जाऊन बसली. आज बाजारातल्या लिंबाखाली तिची ठरलेली जागा होती. कुणाला जिवंत मरळ लागते, कुणाला काटे काढून लागतात, कुणाच्या घरी बाळंतीण आहे म्हणून ताजे झिंगे ठेवायचे, हे तिला पाठ होतं. ती जागा तिनं मिळवली होती, आणि ती आता प्रफुलला नुसती बसायला मिळणार होती. वर कारण काय, तर हिचा हात वाईट.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे बाजाराला निघाली. मिस्त्रीनं तिसऱ्यांदा ताणलेली चेन घेऊन ही पहिलीच फेरी. पाळ चढतानाच आवाज सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठा. कट्... कट्... कट्. ती पुढे न पाहता कानांनीच गाडी चालवू लागली. क्लच दाबून क्षणभर मूठ पिळली, इंजिन ओरडलं, पण कट्-कट् त्याच्यासोबत लगेच वाढलं नाही. गाडीनं वेग घेतला तेव्हाच ते वाढलं. उतारावर तिनं क्लच दाबून धरला, इंजिन हळू झालं, तरी कट्-कट् चाकाच्या चालीनंच चालू राहिलं. म्हणजे हा आवाज इंजिनाच्या तालावर नव्हता, रस्त्याच्या तालावर होता. बाजार संपवून रिकामी पेटी घेऊन परत येताना तो जवळजवळ नव्हताच.

तीन वेळा चेन ताणली आणि तीन वेळा आवाज वाढला. हे तिला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

तो लागला त्याच दिवशी, दिवस कलल्यावर. इस्तारी आणि ती तलावात जाळं लावायला गेली होती. तो डोंग्यात, ती काठावरच्या खुंटाशी दोरी बांधायला. रागानं तिचे हात जोरात चालत होते, आणि दोरी तिनं अशी कचकचून ताणली की तिच्यावर पाखरू बसलं तरी हलली नसती.

"ढील ठेव," इस्तारी डोंग्यातून म्हणाला.

"काऊन?" ती फणकारली. ढील का ठेवायची हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"आता जाळं रिकामं हाय म्हनून ताठ बांधून राह्यली तू. मासोळी लागली, वजन आलं का दोरी खाली ओढते. ढील नसन तं खुंट उपटन नाई तं दोरी तुटन. भरल्या जाळ्याचा हिसोब करून बांधा लागते."

प्रेमिला दोरी हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं ती सोडून दिली आणि चिखलातून तडक गाडीकडे चालू लागली. मागून इस्तारी काय म्हणाला ते तिनं ऐकलं नाही.

गाडी पाळीखाली उभी होती. रिकामी. तिनं चेनीला खालून अंगठा लावला. चेन जराशी हलली, अर्धं बोट. मग तिनं पेटी बांधली, पेटीत काठावरचे दगड भरले, अदमासानं पन्नास किलो, आणि स्वतः सीटवर बसून वाकून चेनीला हात लावला. चेन जाळ्याच्या ताठ दोरीसारखी झाली होती, अंगठ्यानं दाबली तरी तसूभर हलेना. वजन आलं की मागचे शॉकअप दबतात, चाक वर सरकतं, इंजिनापासून थोडं लांब जातं, आणि चेनीला जायला जागाच उरत नाही. हे तिनं दगड काढून आणि पुन्हा भरून तीनदा पाहिलं. ताणाखाली चेन एकसारखी वाढली नव्हती, एका जागी काही कड्या आखडल्या होत्या, आणि ती जागा पुढच्या दातेरी चक्रावर आली की तेच कट्.

म्हणजे मिस्त्री रिकामी गाडी दुरुस्त करत होता. स्टँडवर चढवलेली, चाक अधांतरी, ना माणूस, ना मासळी. प्रत्येक वेळी तिनं आवाज सांगितला आणि प्रत्येक वेळी त्यानं तोच आवाज आणखी एका फेऱ्यानं कसून तिच्या हवाली केला. आणि नाव कुणाचं, तर लेडीजच्या हाताचं. संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून ती आणखी संतापली.

त्या संध्याकाळी ती घरात काही बोलली नाही. सांगून ऐकणारी ही माणसं नव्हती, हे तिला एका महिन्यात कळून चुकलं होतं.

शनिवारी मोठं जाळं ओढायचा दिवस. सकाळीच पाळीवर गर्दी झाली. ताजी मासळी घ्यायला आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात तशी आली, आणि त्यात झिंगू मिस्त्रीही आला, मरळीसाठी पिशवी आणि गाडी न्यायला मोकळे हात घेऊन. प्रफुल नवा शर्ट घालून उभा होता. आज पेटी तोच बाजारात पोहोचवणार आणि मग गाडी मिस्त्रीच्या दुकानात लावणार, असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

प्रेमिलानं पेटी भरली, रोहू खाली, मरळ वर, मधे बर्फ. गाडी पाळीवर चढवली. चढताना आवाज आला तसा मिस्त्रीनं हात वर केला.

"आयका," तो जमलेल्या माणसांना म्हणाला. "हाच. इंजिनाचा आवाज."

प्रेमिलानं इंजिन बंद केलं. चाबी काढली आणि सोमारीच्या हातात दिली.

"मामी, हे धरा. घट्ट धरा."

मग ती गाडीवरून उतरली आणि प्रफुलकडे वळली. "बस. तुहा हात चांगला हाय ना? हात नुसता हँडलवर ठेव. क्लचले हात लावू नोको, गिअरले पाय लावू नोको. गाडी न्यूटल हाय. पाळीवरून खाली जाऊ दे."

"पन चाबी?"

"चाबी नाईच लागत."

प्रफुल काय चाललंय ते न कळून बसला, कारण इतक्या माणसांत नाही म्हणायचं तर कशासाठी, हेही त्याला कळेना. प्रेमिलानं मागून एक धक्का दिला. गाडी पाळीच्या उतारावरून आपोआप निघाली. इंजिन बंद, चाबी म्हातारीच्या मुठीत, बाईचा हात गाडीला लागलेला नाही. माणसं गप्प झाली होती, त्यामुळे सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

कट्... कट्... कट्... कट्.

खाली पोहोचेपर्यंत ते आठ-नऊ वेळा वाजलं. कुणीतरी हसलं आणि पटकन थांबलं.

"कोन्तं इंजिन वाजून राह्यलं, झिंगूभाऊ?" प्रेमिलानं विचारलं. "कोन्त्या बाईनं क्लच दाबला?"

मिस्त्रीनं घसा खाकरला. "तो चेनीचा असन," तो पाण्यातल्या इस्तारीकडे पाहून म्हणाला.

"माह्याकडे पाहून बोला. गाडी मी चालवते. महिनाभर मी सांगून राह्यली, पेटी भरली का वाजते, मांगून वाजते. तुमी तिन्ही डाव पेटी उतरवून पाह्यलं. या इकडे. लावा अंगठा."

ती खाली उतरली, आणि मिस्त्रीला तिच्या मागून जावंच लागलं. प्रफुल अजून सीटवर होता, पेटी मागे होती. मिस्त्रीनं चेनीला अंगठा लावला. दाबला. आणखी दाबला. मग त्यानं हात पँटला पुसला.

"हे तुमी कसली," प्रेमिला म्हणाली. आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही. "एकदा नाई, तीनदा. रिकाम्या गाडीवर. रिकामी गाडी तुमच्या दुकानात असते, भाऊ. माह्या गाडीवर पन्नास किलो मासोळी असते. तुमी कसली चेन, अन् नाव माह्या हाताचं."

तिनं सीटखालचा पाना काढला. प्रफुलला उतरू दिलं नाही, पेटीही काढली नाही. भरल्या वजनावरच तिनं मागच्या चाकाचा मोठा नट सैल केला, दोन्ही बाजूंची ताणायची चाकी सारखी मोजून मागे फिरवली, आणि चेन मधोमध दोन बोटं हलू लागल्यावर नट पुन्हा आवळला. हात काळे झाले, लुगड्याला ग्रीस लागलं. पाळीवरच्या माणसांनी गाडी वर ढकलून दिली आणि प्रफुल पुन्हा एकदा खाली आला. ह्या वेळी फक्त आखडलेल्या कड्यांची बारीक किरकिर ऐकू आली, कान देऊन ऐकणाऱ्यालाच कळेल अशी.

"चेनसेट बदलावा लागन," मिस्त्री पुटपुटला. "तानून खराब झाला."

"कोनं तानला?" प्रेमिलानं विचारलं. मिस्त्रीला मरळीची आठवण झाली आणि तो पिशवी उघडून जाळ्याकडे गेला.

आता कुणी काही बोलेल, असं प्रेमिलाला वाटलं होतं. माफी नको, पण निदान एखादा शब्द. बोलला तो प्रफुल. "झाली ना बरी," तो सीटवरून म्हणाला. "मंग मी बसलोच हावो तं आता मीच नेतो बाजारात. आई, चाबी दे."

आणि माणसांबरोबर खाली आलेल्या सोमारीनं हात पुढे केला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पुरुषानं मागितलं की द्यायचं, एवढंच तिचा हात शिकला होता. चाबी दोघांच्या मधे असतानाच प्रेमिलानं ती काढून घेतली.

"उतर," ती प्रफुलला म्हणाली.

"वयनी, आता लोकांसमोर..."

"लोकांसमोरच माहा हात वाईट ठरवला होता ना तुमी? मंग लोकांसमोरच उतर. बिघडली तवा गाडी माही होती, सुधरली तं तुही झाली का?"

प्रफुलनं भावाकडे पाहिलं. इस्तारी गुडघाभर पाण्यात जाळ्याची दोरी धरून उभा होता, आणि ह्या वेळीही त्याची नजर दोरीवरच राहिली. प्रफुल उतरला. प्रेमिला बसली, किक मारली, आणि मूलच्या रस्त्याला लागली. गाडी गप्प होती. ती मात्र चौदाही किलोमीटर मनात भांडत गेली, आणि सगळ्यांत जास्त त्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाशी भांडली.

पुढच्या आठवड्यात नवीन चेनसेट बसवायला दोघं झिंगू मिस्त्रीकडे गेली. पेटी भरलेली होती, प्रेमिलानं मुद्दाम भरून आणली होती. इस्तारी सायकलीनं मागून आला. मिस्त्रीनं पेटी उतरवून जुनी चेन काढली, नवी बसवली, आणि सवयीनं पाना लावायला खाली बसला. गाडी मधल्या स्टँडवर होती.

"स्टँडवरून खाली घ्या," प्रेमिला म्हणाली. "पेटी बांधा."

मिस्त्रीनं घेतली, बांधली. प्रेमिला सीटवर बसली, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. आता चेन पाहायची तर मिस्त्रीला गुडघे टेकून, मान वाकडी करून तिच्या पायाशी बसावं लागलं. त्यानं खालूनच वर पाहिलं, तिच्याकडे नव्हे, तिच्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

"इस्तारीभाऊ, किती ढील ठेवू?"

इस्तारीनं खांद्यावरचा दुपट्टा झटकला. त्याची नीट घडी घालून तो पुन्हा खांद्यावर टाकला, आणि प्रेमिलाच्या मनात पुन्हा तोच राग गोळा होऊ लागला.

"मले काऊन विचारतोस?" इस्तारी म्हणाला. "चालवते कोन? तिले विचार."